उद्या काय झाकलं जाणार आहे?

साइटवर क्वालिटीचं काम नव्यानं हाती घेणारे इंजिनिअर आल्या आल्या चेकलिस्ट मागतात. चेकलिस्ट मी देते, पण आधी विचारते: उद्या साइटवर काय झाकलं जाणार आहे? पाया भरला की खालचा थर दिसत नाही, स्लॅब भरला की सळई दिसत नाही, फरशी बसली की वॉटरप्रूफिंग दिसत नाही. तपासणीचं वेळापत्रक या उत्तरावरून लावायचं. रंगातला डाग महिन्यानंही दिसेल, त्याची घाई नाही.

अशा प्रत्येक कामापुढे एक थांबा ठेवा. क्वालिटीची सही नाही तर पुढचं काम नाही. हे थांबे काम सुरू होण्याआधीच कंत्राटदाराबरोबर बसून कागदावर घ्या आणि तपासणीची मागणी निदान आदल्या दिवशी लेखी येऊ द्या. पोअर कार्डावर (काँक्रीट भरायच्या परवानगीचा कागद) सही झाल्यावरच काँक्रीटची ऑर्डर जाईल, असा क्रम बसवा. गाडी गेटवर उभी असताना ‘मॅडम, तेवढी सही करून टाका’ म्हटल्यावर नाही म्हणणारी माणसं थोडी असतात. कामाचा दर्जा कुणाच्या धीटपणावर अवलंबून ठेवण्यात अर्थ नाही.

जाताना टेप, ओळंबा, गुण्या, दोरी, टॉर्च, व्हर्निअर आणि खडू एवढं पुरतं. ड्रॉइंग मात्र हातात हवं, आणि त्याचा रिव्हिजन नंबर ऑफिसातल्या ताज्या यादीशी ताडून घेतलेला हवा. फिटरच्या खिशातलं घडी घातलेलं ड्रॉइंग बऱ्याचदा मागच्या रिव्हिजनचं निघतं.

स्लॅब तपासताना मी आधी खाली जाते. वर सगळे वाट बघत असतात, म्हणून खालचं राहून जातं. प्रॉप (स्लॅबच्या साच्याला खालून दिलेले टेकू) ओळंब्यात आहेत का, त्यांचे पाय घट्ट जागेवर आहेत की भुसभुशीत मातीवर, आडवे बांध घातलेत का, हे बघायचं. दोन-चार प्रॉप हातानं हलवून बघा. ढिला प्रॉप लगेच कळतो. खालूनच वर बघितलं की प्लायच्या फटीतून उजेड दिसतो. तिथून सिमेंटचं पाणी गळणार आणि हनीकोंब, म्हणजे काँक्रीटमध्ये पोकळ्या, होणार. त्या फटी आत्ताच बुजवून घ्या.

मग वर. ज्या बाजूनं तुम्हाला नेलं जातं तिथलं काम सहसा चांगलं असतं. म्हणून मी कोपरे, जिन्याची कड आणि कॉलमच्या आसपासची जागा आधी धरते. सळईचं अंतर मोजताना एकच गाळा मोजू नका. सलग १० गाळे एकदम मोजा. ड्रॉइंगमध्ये १५० मिमी असेल तर टेपवर १५०० यायला हवं. सळई बारीक आल्याची शंका आली तर एक मीटर तुकडा वजन करा: मिमीमधल्या व्यासाच्या वर्गाला १६२ नं भागलं की किलो मिळतात. १२ मिमीची सळई मीटरला साधारण ०.८९ किलो भरते. बीम-कॉलमच्या जोडात टॉर्च मारून रिंगा (उभ्या-आडव्या सळयांना बाहेरून वेढणारी कडी) मोजा. तिथे दाटी असते, हात जात नाही, त्यामुळे रिंगा गाळण्याचा मोह होतो, आणि भूकंपात सगळ्यात जास्त मार बसणाऱ्या जागांपैकी तो जोड एक. लॅप (दोन सळया शेजारी चढवून केलेले जोड) सगळे एकाच रेषेत आलेले नाहीत ना, तेही बघा.

छज्जा आणि बाल्कनी मी सगळ्यात शेवटी, सावकाश बघते. बाहेर लटकणाऱ्या स्लॅबमध्ये ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई वर असते. १०० मिमी जाडीचा छज्जा घ्या. सळईचा मध्य खालच्या पृष्ठभागापासून ७५ मिमी उंचीवर असायला हवा. भरताना त्यावर कुणी पाय दिला, चेअर (वरची सळई उचलून धरणारा सळईचाच टेकू) वाकली, सळई २५ मिमी खाली बसली, तर ७५ चे ५० राहिले. वाक सोसण्याची ताकद साधारण एक तृतीयांशानं गेली, आणि काँक्रीट भरल्यावर वरून छज्जा अगदी गुळगुळीत दिसतो. ‘मॅडम, चेअर टाकल्यात की सगळीकडे,’ असं फिटर म्हणतोच. मी म्हणते, ‘मामा, तुम्हीच उभे राहा त्यावर.’ तो उभा राहिला आणि जाळी खाली गेली, की वाद संपतो. अजून चेअर घाला आणि जा-ये करायला फळ्या टाकून घ्या. भरताना छज्ज्यापाशी स्वतः थांबा.

काँक्रीट आलं की आधी चलन: ग्रेड (काँक्रीटची ठरलेली ताकद) कुठली आणि प्लँटवरून किती वाजता निघालं. स्लंप (माल किती पातळ आहे याची चाचणी) घेताना कोन ओला करून सपाट पत्र्यावर ठेवा, तीन थर भरा, प्रत्येक थराला २५ ठोसे द्या, आणि कोन सरळ वर उचला; वाकडा उचलला तर आकडा खोटा येतो. ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडायचा नाही, यावर तडजोड नको. माल घट्ट वाटत असेल तर गाडी परत पाठवा किंवा प्लँटच्या माणसाला बोलवून ठरलेल्या अॅडमिक्श्चरनं (काँक्रीटमध्ये मिसळायच्या रसायनानं) दुरुस्त करून घ्या. पाण्यानं काम सोपं होतं आणि ताकद कमी होते. व्हायब्रेटरची सुई उभी घालायची, बुडबुडे थांबले की हळूहळू काढायची. सुईनं माल ढकलत नेणारे दिसले तर तिथल्या तिथे थांबवा, कारण त्यानं खडी मागे राहते आणि पातळ माल पुढे सरकतो. क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) भरताना नोंदवहीत गाडीचा नंबर आणि तो माल नेमका कुठल्या ग्रिडमध्ये (ड्रॉइंगवरच्या रेषांच्या चौकटीत) गेला, हे लिहा. ही नोंद नसेल तर पुढे क्यूब फेल झाला तरी बोट कुठे ठेवायचं ते कळत नाही.

वीटकाम आणि गिलाव्याला ओळंबा, दोरी आणि कान पुरे. ठोकल्यावर पोकळ वाजतं ती जागा खडूनं घेरून टाका. खोलीचे दोन्ही कर्ण मोजले की काटकोनाचा प्रश्न मिटतो. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर निदान एक अख्खा दिवस पाणी साठवून खालच्या मजल्यावरून छत बघा, मगच फरशीला परवानगी.

शेरा लिहिताना ‘सळईकाम नीट करावे’ असं लिहू नका. त्यावरून मुकादमाला काहीच करता येत नाही. ‘ग्रिड सी-४ ते सी-५, बीमची वरची सळई: ड्रॉइंगमध्ये ४, जागेवर ३’ असं लिहा. टेप दिसेल असा फोटो जोडा, दुरुस्ती कोण आणि कधीपर्यंत करणार ते टाका. ‘झालं’ असा निरोप आला म्हणून शेरा बंद करायचा नाही. जागेवर जाऊन बघायचं, दुसरा फोटो काढायचा, मग सही. हेच हेच शेरे एकाच टोळीच्या कामात वारंवार येत असतील तर कागद वाढवण्यापेक्षा त्या टोळीच्या मिस्त्रीला घेऊन एक नमुना तयार करा, आणि पुढचं काम त्याच्याशी ताडून बघा.

२८ दिवसांच्या क्यूबचा निकाल कमी आला तर लगेच तोडफोडीची भाषा नको, आणि दडपादडपीही नको. आधी क्यूबच तपासा: कडा तुटल्या होत्या का, पाण्यात नीट ठेवला होता का, त्याच गाडीचे बाकीचे क्यूब काय सांगतात. मग नोंदवहीतून जागा काढून तिथे रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारं उपकरण) मारा. त्यानं फक्त अंदाज येतो. शंका उरलीच तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून, सळई कुठे आहे ते शोधून कोअर (भरलेल्या काँक्रीटमधून कापलेला गोल नमुना) काढा. तोवर त्या भागाचे प्रॉप काढू देऊ नका आणि त्यावर विटांचा ढीगही रचू देऊ नका.