जीभ सरकते, टाच उचलते : लेसच्या बुटाबाबत या चुका टाळा

कोल्हापूरच्या चप्पल लाईनला कोल्हापुरी घेताना सल्ला ठरलेला असतो : ‘आत्ता कच्च बसू दे, आठ दिवसांत पायाला सुटतीय.’ चपलेपुरतं ते खरं आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं पायाच्या उबेनं आणि घामानं पसरतं. पण हाच हिशेब लेसच्या बुटाला लावला की फसगत होते. चामड्याचा बूट रुंदीला थोडा सैलावतो, लांबीला नाही. जाळीचा स्पोर्ट शूज तर जवळपास आहे तसाच राहतो.

दुसरा फरक पकडीचा. चपलेत पाय पट्टा आणि अंगठा (अंगठ्याभोवतीची वादी) धरतो. बुटात तो चवडा आणि घोट्याच्या मधल्या उंचवट्यावर, लेसखाली धरला जातो. तिथल्या हाडांवर मांस जवळपास नसतंच. कातडीखाली लगेच बोटं उचलणाऱ्या शिरा. लेस थेट त्यावर आली तर दोरीसारखी रुतेल. तो दाब पसरवणं हे जिभेचं, म्हणजे लेसखालच्या सुट्या पट्टीचं, पहिलं काम, माती-पाणी अडवणं दुसरं. म्हणून बूट नीट बसलाय का, हे आधी जिभेपाशी बघायचं.

रुंदीसाठी नंबर वाढवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपल्याकडच्या नंबरात एका नंबरचा फरक लांबीला साधारण साडेआठ मिलिमीटर असतो. चवडा आवळतो म्हणून सातऐवजी आठ घेतला की रुंदी किंचित वाढते, पण पाय पुढं-मागं सरकायला लागतो. जोतिबाच्या पायऱ्या उतरताना बोटं पुढं आपटतात. मग लेस करकचून बांधली जाते, जीभ रुतते, आणि दोष बिचाऱ्या लेसला.

माप संध्याकाळी द्या, तेव्हा पाऊल थोडं फुगलेलं असतं. उभं राहून टाच मागं टेकवा. सर्वांत लांब बोटापुढं (ते अंगठ्याशेजारचंही असू शकतं) १० ते १२ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाच्या आत-बाहेर जागा हवी. मोठ्या पायाचं माप धरा. चवडा रुंद असेल तर त्याच नंबरात रुंद साचा मागा.

लेस बांधून खाली बघा

छिद्रांच्या दोन रांगा साधारण समांतर आणि नव्या बुटात बोटभर अंतरावर हव्यात. त्या एकमेकींना भिडल्या तर आतली पोकळी जास्त आहे. लेस आणखी ओढून काही मिळणार नाही. अशा वेळी बहुतेक जण दुसरा सुखतळा (बुटाच्या आतला सुटा तळ) घालतात. त्यानं टाचही वर येते आणि मागून निसटते. त्याऐवजी जिभेच्या आतल्या बाजूला ३ ते ५ मिलिमीटर जाडीचा फेल्टचा तुकडा चिकटवा. तो पाऊल मागं रेटतो आणि टाच जागेवर बसते. उलट रांगा वरच्या बाजूला फाकल्या तर पावलाचा उंचवटा जास्त आहे. सुखतळा पातळ करून बघा.

धावताना पाऊल वरून बधिर होतं, ही तक्रार भरतीसाठी १६०० मीटरचा सराव करणाऱ्या पोरांत नेहमीची. जिथं टोचतं तिथं लेस आडवी नेऊ नका. दोन्ही टोकं आपापल्या बाजूनं सरळ वरच्या छिद्रात घ्या आणि तिथून पुन्हा फुली सुरू करा.

टाच उचलत असेल तर सगळ्यात वरचं, सहसा रिकामंच राहणारं छिद्र वापरा. खालच्या छिद्रातून आलेलं टोक त्याच बाजूच्या वरच्या छिद्रात बाहेरून आत घाला आणि बाहेर छोटा फासा ठेवा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. आता प्रत्येक टोक जिभेवरून समोरच्या फाशात ओवा, टाचेच्या दिशेनं ओढा, मग गाठ मारा. हे केल्यावर चवड्याकडची लेस सैल सोडायची. तीही आवळली तर काय उपयोग?

जीभ बाहेरच्या बाजूला पळते

पावलाचा उंचवटा आतल्या बाजूला जास्त असतो, बाहेर उतार. प्रत्येक पावलागणिक जीभ त्या उतारावरून घसरते. जिभेच्या मध्यावर पट्टी किंवा दोन चिरा असतात, त्या शोभेच्या नव्हेत. लेस त्यातून ओवायची. त्या नसतील तर मोच्याकडून जिभेची आतली कड बुटाच्या अस्तराला दोन-तीन टाके घालून घ्या. पायात घालताना जीभ वर ओढून मगच लेस आवळा, आणि ती चवड्याकडून वर, एकेक फुली करत. फक्त वरची टोकं ओढली की सगळा ताण घोट्याजवळ साठतो.

गाठ

फूल बुटाला आडवं बसलं तर सुरगाठ बरोबर. ते बोटांकडं-घोट्याकडं उभं वळत असेल तर दोन्ही वेढे एकाच दिशेनं पडलेत. फक्त पहिला वेढा उलटा घ्या. २०१७ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभियंत्यांनी दाखवलं की पाय आपटल्यानं गाठ ढिली होते आणि झुलणारी टोकं ती ओढून सोडवतात. म्हणून टोकंही फार लांब नकोत. फुटबॉलची पोरं उरलेली लेस सोलखालून गुंडाळतात, त्यानं तळव्याची कमान दाबली जाते. लेस आखूड घ्या; ५-६ जोड्या छिद्रांना ४५ इंच पुरते.

पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंडीला जाणार असाल तर दोन्ही कडांना शिवलेली जीभ असलेला बूट घ्या, चिखल आत शिरत नाही. भिजलेला बूट वाळवताना लेस पूर्ण काढा, जीभ बाहेर सरळ ओढा, आत पेपर कोंबा आणि तो दोन-तीन तासांनी बदला. चुलीशेजारी किंवा गरम इंजिनावर ठेवू नका. सोलचा गोंद सुटतो, चामडं तडकतं. आणि जीभ वाकडी वाळली, तर पुढं कितीही सरळ केली तरी पुन्हा त्याच घडीवर जाते.