तापाचे रिपोर्ट एकमेकांशी जुळत नाहीयेत? या चुका टाळा

पावसाळ्यात घरोघरी हेच चालू असतं, एका लॅबमध्ये विडाल (टायफॉइडसाठीची रक्ताची टेस्ट) पॉझिटिव्ह आणि डेंग्यू निगेटिव्ह, दोन दिवसांनी दुसरीकडे नेमकं उलटं, मग सगळे लॅबवाल्यावर भडकतात. बऱ्याचदा लॅबची चूक नसतेच, टेस्ट तापाच्या कितव्या दिवशी केली ते कुणी बघितलेलं नसतं.

सगळ्यात मोठी चूक हीच. डेंग्यूची एनएस1 (रक्तात डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी टेस्ट) पहिल्या चार-पाच दिवसांत जास्त भरवशाची, नंतर ती निगेटिव्ह यायला लागते, आणि आयजीएम (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली अँटिबॉडी) साधारण पाचव्या दिवसाच्या आसपास दिसायला लागते, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी आयजीएम निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं धरून चालू नका. ताप कधी चढला ती तारीख फाईलवर मोठ्या अक्षरात लिहा आणि सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून एकाच डॉक्टरांना दाखवा. रोज नवीन डॉक्टर केला की प्रत्येकाला अर्धीच गोष्ट कळते. कार्ड टेस्ट (छोट्या पट्टीवर झटपट होणारी) निगेटिव्ह पण लक्षणं डेंग्यूचीच वाटतायत, तर एलायझा (लॅबमध्ये मशीनवर होणारी टेस्ट) करायची का ते विचारा.

विडालचं तर विचारूच नका. एकदा पॉझिटिव्ह आली की लगेच टायफॉइड म्हणून अँटिबायोटिक चालू! अहो, आधी कधी टायफॉइड होऊन गेला असेल किंवा ताप दुसऱ्याच कशाचा असेल तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. ब्लड कल्चर (रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची टेस्ट) त्यापेक्षा कितीतरी भरवशाचं, पण ते अँटिबायोटिकच्या आधी व्हायला हवं. घरातल्या उरलेल्या गोळ्या घेतल्या असतील तर तसं स्पष्ट सांगा, कारण त्यामुळे टायफॉइड असूनही कल्चर निगेटिव्ह येऊ शकतं.

प्लेटलेट सकाळी 40 हजार आणि संध्याकाळी दुसऱ्या लॅबमध्ये एक लाखाच्या वर, असंही होतं. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं ईडीटीए नावाचं रसायन असतं, काहींच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटतात आणि मशीन आकडा कमी दाखवतं. रिपोर्टच्या तळाशी प्लेटलेट क्लम्प्स असं बारीक अक्षरात लिहिलंय का बघा, असेल तर स्लाइडवर मायक्रोस्कोपखाली मोजून घ्यायची का हे डॉक्टरांना विचारा. आकडा खोटा आहे असं मात्र स्वतःच ठरवू नका.

डेंग्यू नाही हे नक्की होईपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन अशा वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका, डेंग्यूत धोका बरेचदा तेव्हाच सुरू होतो. पोटात जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, लघवी कमी झालीय, पेशंट गळून गेलाय, तर पुढच्या रिपोर्टची वाट बघू नका, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.