निवेदनाच्या पुढे काय? धोरण बदलून घेण्याची वाट

निवेदन दिलं, फोटो काढला, सगळ्या ग्रुपवर टाकला आणि विषय संपला. नागरिकांच्या बऱ्याच मोहिमा इथेच थांबतात. निवेदन उघडून पाहिलं तर शेवटी लिहिलेलं असतं, 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी'. म्हणजे योग्य काय, ते ठरवायचं कामही आपण समोरच्यावरच टाकलेलं. जनवकिली करायची, म्हणजे लोकांची बाजू धोरण ठरवणाऱ्यांपुढे चिकाटीने मांडायची, तर पहिला घाम इथे गाळावा लागतो.

आधी मागणी एका वाक्यात बसवा

'हवा स्वच्छ करा' ही इच्छा झाली. 'शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी शाळेसमोरून अवजड वाहनांना बंदी घाला' ही मागणी झाली. तुमचं वाक्य उचलून जसंच्या तसं आदेशात घालता येत असेल, तर ते जमलं.

१७८७ मध्ये लंडनमध्ये बारा जणांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन केली. गुलामगिरीवरच घाव घालायचा की आधी व्यापार बंद पाडायचा, यावर त्यांच्यात खल झाला. त्यांनी व्यापार निवडला. गुलामगिरीला हात घातला असता तर मालमत्तेच्या हक्काचा आणि वसाहतींच्या कारभाराचा वाद उभा राहिला असता. व्यापाराचं नियमन मात्र सरळसरळ पार्लमेंटच्या अखत्यारीत होतं. १८०७ मध्ये तो कायदा झाला. पण गुलामगिरी संपवणाऱ्या कायद्यासाठी १८३३ साल उजाडावं लागलं, आणि मधली सव्वीस वर्षं ज्यांनी मळ्यांत काढली त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मागणी आटोपशीर ठेवायचीच, पण त्यासाठी काय सोडतोय हे ज्यांना त्रास होतोय त्यांच्यासमोर बसून ठरवा. भल्या संस्थाही नेमक्या इथे घसरतात.

सही कोणाची लागते, ते शोधा

प्रत्येक गोष्टीला नवा कायदा लागत नाही. कधी नियमातला एक शब्द बदलायचा असतो, कधी परिपत्रक पुरतं, कधी अर्थसंकल्पात तरतूद नसते एवढीच अडचण असते. बरेचदा तर कायदा असतो, तो पाळला जात नसतो. अशा वेळी मंत्र्याच्या दारात ताटकळण्यात अर्थ नाही. ज्या टेबलावर फाइल तयार होते, त्या टेबलापासून सुरुवात करा. विषयावर टिपणी लिहिणारा कर्मचारी वर्तमानपत्रात कधी झळकत नाही, पण साहेबांसमोर जाणारे शब्द बरेचदा त्याचे असतात.

कागद आणि माणूस समोरासमोर आणा

राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून गावोगाव जनसुनावण्या घेतल्या. सरकारी कामांची हजेरीपत्रकं आणि बिलं मिळवायची आणि गावासमोर मोठ्याने वाचायची, एवढीच पद्धत. मजुरी दिल्याची नोंद असायची, पण ती घेणारा माणूस कधीच मेलेला असायचा. ज्यांची नावं यादीत होती, तीच माणसं समोर बसून 'मला पैसे मिळाले नाहीत' म्हणत होती. याच कामातून माहितीच्या अधिकाराची मागणी उभी राहिली, १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं आणि २००५ मध्ये देशभरासाठी कायदा आला. जाडजूड अहवालाची गरज नसते. नोंद काय म्हणते आणि प्रत्यक्षात काय दिसतं, यातला फरक तारीख-वारासह दाखवा. एकही आकडा फुगवू नका. एक खोटा निघाला की उरलेले नव्व्याण्णव कोणी वाचत नाही.

वेळ साधा

अर्थसंकल्प मांडला गेल्यावर तरतूद मागणं म्हणजे वरातीमागून घोडं. आकडे जुळवले जात असतात तेव्हा जा. नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला होतो, ती मुदत चुकवू नका. 'आमचा विरोध आहे' एवढंच न कळवता कलमाचा क्रमांक, तिथला शब्द आणि त्याजागी तुम्हाला हवा असलेला शब्द लिहून पाठवा.

सह्यांच्या मोहिमेबद्दल थोडक्यात: सह्यांना कायद्याने काही वजन आहे का, ते आधी पाहा. फिनलंडमध्ये सहा महिन्यांत ५०,००० सह्या जमल्या तर प्रस्ताव संसदेपुढे जातो. तिथला समलिंगी विवाहाचा कायदा याच वाटेने आला. जिथे अशी तरतूद नाही, तिथे हजार सह्यांपेक्षा त्या मतदारसंघातल्या वीस जणांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेली पत्रं जास्त बोलतात.

भेटीला तिघे पुरेत

एक ज्याला झळ बसलीय तो, एक आकडे जाणणारा आणि एक टिपून घेणारा. हातात एकच पान. विरोधक काय म्हणतील ते आपणच आधी सांगावं आणि उत्तरही द्यावं, म्हणजे समोरच्याला उद्या त्याच्या वरिष्ठांपुढे बोलायला शब्द मिळतात. उठण्यापूर्वी 'पुढे काय, आणि कधीपर्यंत?' हे विचारा. त्याच दिवशी ठरलेल्या गोष्टी पत्राने कळवा आणि पोच जपून ठेवा. माणसं बदलतात, बदल्या होतात, पोच राहते.

संस्थांची भीती

'आम्ही सेवाभावी, राजकारणात पडत नाही' असं म्हणून अनेक संस्था धोरणापासूनच लांब राहतात. पक्षाचा प्रचार वेगळा आणि प्रश्नाचा पाठपुरावा वेगळा. इंग्लंडमधल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थांना पक्षाला पाठिंबा देता येत नाही, पण आपल्या उद्दिष्टांसाठी धोरणबदलाची मोहीम चालवता येते. आपल्याकडच्या नियमांची रेघ कुठे आहे, ते जाणकाराकडून एकदा लेखी घ्या, म्हणजे भीतीही जाते आणि फाजील धाडसही.

कायदा झाल्यावर

खरा कंटाळवाणा भाग आता सुरू होतो: नियम कोण लिहितंय, पैसा कुठून येणार, मोजणार कोण. १९९७ मध्ये ओटावात भूसुरुंगबंदीच्या करारावर सह्या झाल्या. त्यामागे सहा संस्थांनी १९९२ मध्ये सुरू केलेली मोहीम होती. करार झाल्यावर ती मंडळी घरी गेली नाहीत. कोणता देश शब्द पाळतो याचा अहवाल १९९९ पासून त्यांनीच दरवर्षी काढायला घेतला. तुमचा अहवाल चार पानांचा असला तरी चालेल, फक्त तो दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच टेबलावर पोचायला हवा.