स्टार ट्रेकमधले घोळ पकडायचे कसे

स्टार ट्रेक म्हणजे अंतराळयानातल्या माणसांची अमेरिकन सिरियल. त्या मूळ स्टार ट्रेकचा 'चार्ली एक्स' नावाचा एपिसोड लावा, पहिला सीझन, 1966 चा. त्यात यानाचा कॅप्टन कर्क लिफ्टमध्ये शिरतो तेव्हा अंगात नेहमीचा सोनेरी शर्ट असतो, आणि ब्रिजवर, म्हणजे यान चालवायच्या खोलीत, दार उघडून बाहेर येतो तेव्हा अंगात हिरवा, गुंडाळून घालायचा अंगरखा! लिफ्ट वर जाईपर्यंत माणूस कपडे बदलून मोकळा. मी हा एपिसोड तीनदा बघितला होता, काही दिसलं नव्हतं. चौथ्यांदा लावला तर बायको शेजारी मेथी निवडत बसलेली, तिला ही सिरियल जरासुद्धा आवडत नाही, ती मान वर करून म्हणाली, "अरे, याने शर्ट कधी बदलला?"

झालं. तिथेच मला कळलं की आपण गोष्टीत रमतो म्हणून आपल्याला काही दिसत नाही, आणि जिला गोष्टीशी देणंघेणं नाही तिला सगळं दिसतं. तेव्हा पहिलं काम हे, की एपिसोड एकदा मजेत बघून घ्या आणि दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा. आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, कारण कॅमेरावाल्याला तुम्ही तिथेच बघायला हवे असता. बघायचं हातात काय आहे, कॉलर कशी आहे, छातीवरचा बिल्ला आहे की गेला, मागे उभा असलेला माणूस पुढच्या शॉटला तिथेच आहे का. संवाद ऐकू येत नसले की डोळा आपोआप भटकतो, आणि आपल्याला तेच हवंय.

आता हे होतं कशामुळे ते डोक्यात पक्कं असलं पाहिजे, नाहीतर नुसतं मासे नसलेल्या पाण्यात गळ टाकून बसाल. एपिसोड गोष्टीच्या क्रमाने शूट होत नाही, एका सेटवरचे सगळे सीन एकत्र उरकतात. म्हणजे कॉरिडॉरचे सीन एका दिवशी, ब्रिजचे दुसऱ्या दिवशी, आणि पडद्यावर मात्र माणूस एका दारातून शिरून दुसऱ्या दारातून लगेच बाहेर. त्यामुळे दार, लिफ्ट, ट्रान्सपोर्टर (माणसाला क्षणात दुसरीकडे पोचवणारं यंत्र), एअरलॉक, जिथे जिथे माणूस एका सेटवरून दुसऱ्या सेटवर जातो तिथे थांबा आणि दोन्ही बाजूंचे कपडे, केस, हातातली वस्तू ताडून बघा. माझ्या वहीतल्या कपडेपटाच्या बहुतेक नोंदी दारांपाशीच सापडलेल्या आहेत.

कपड्यांच्या रंगावर मात्र लगेच उडी मारू नका. कर्कचा तो सोनेरी शर्ट मुळात हिरवटच होता, त्या कापडावर स्टुडिओचे लाइट पडून फिल्मवर तो पिवळा उतरायचा. आणि हिरव्या अंगरख्याचं कापड वेगळं म्हणून तो हिरवा दिसायचा. त्यामुळे एखाद्या शॉटमध्ये शर्ट जरा हिरवट वाटला तर ती चूक नाही, लाइटची करामत आहे. लिफ्टमधली चूक म्हणून धरायची ती शर्टाची शिवण बदलली यामुळे.

हत्यारं फार लागत नाहीत. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ई दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते, यूट्यूबवर पॉज करून स्वल्पविरामाच्या कीने फ्रेम मागे आणि पूर्णविरामाच्या कीने पुढे, बास. फिल्म सेकंदाला 24 फ्रेमची, म्हणजे 50 मिनिटांच्या एपिसोडमध्ये 72 हजार फ्रेम झाल्या, सगळ्या बघायला बसलात तर घरचे बाहेर काढतील. म्हणून कट जिथे होतो तिथलीच आधीची आणि नंतरची फ्रेम बघा, दोन्हीचे स्क्रीनशॉट शेजारीशेजारी ठेवा, फरक असला की लगेच डोळ्यात भरतो.

आता जरा माझी फजिती ऐका. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही सिरियल लागायची, आमचा दादा तेव्हापासूनचा भक्त. मी त्याला फोन करून मोठ्या तोऱ्यात सांगितलं की दादा, तिसऱ्या एपिसोडात केवढा घोळ आहे, डॉक्टर मॅकॉय गायब, कोणीतरी पायपर नावाचा म्हातारा डॉक्टर, युनिफॉर्म वेगळे, उहुरा नाही, सुलू भलतंच खातं सांभाळतोय. दादा शांतपणे म्हणाला, "बाळा, तो पायलट आहे." पायलट म्हणजे सिरियल सुरू होण्याआधी नमुन्यादाखल काढलेला एपिसोड. तो एपिसोड, 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर', शूट झाला 1965 मध्ये आणि एनबीसी या अमेरिकन चॅनलने दाखवला 22 सप्टेंबर 1966 ला, 8 सप्टेंबरचा 'द मॅन ट्रॅप' आणि मग 'चार्ली एक्स' दाखवून झाल्यावर. उलट पायलटनंतर सगळ्यात आधी शूट झालेला 'द कॉर्बोमाइट मॅन्युव्हर' इफेक्ट्सच्या कामामुळे मागे पडत पडत नोव्हेंबरात दिसला. म्हणजे चूक ओरडण्याआधी प्रॉडक्शनचा क्रम आणि प्रसारणाचा क्रम दोन्ही शेजारी मांडा, अर्ध्या चुका तिथेच गळून पडतात. त्याच पायलटमध्ये एक अस्सल चूक आहे ती मात्र कुठल्याही क्रमाने सुटत नाही: कर्कसाठी जी कबर तयार होते त्या दगडावर लिहिलंय जेम्स आर. कर्क, आणि पुढे जन्मभर तो जेम्स टी.

सगळ्यात मजेदार केस म्हणजे 'द अल्टरनेटिव्ह फॅक्टर', मार्च 1967. लाझरस नावाच्या माणसाची दाढी एका सीनमध्ये विरळ, चार केस चिकटवल्यासारखी, दुसऱ्यात दाट, मग परत विरळ. आणि गोष्ट अशी की लाझरस दोन आहेत, एक शहाणा एक वेडा! मग मी आपला वहीत लिहीत बसलो, विरळ म्हणजे वेडा, दाट म्हणजे शहाणा, मोठा शोध लागला म्हणून. पण जुळेचना. कारण खरी खूण कपाळावरची जखम आहे, एकाला आहे एकाला नाही, आणि मॅकॉय स्वतः सांगतो की एवढी खोल जखम होती आणि आता मागमूस नाही. म्हणजे जखम लेखकाने मुद्दाम ठेवलेली आणि दाढी रंगभूषेची गडबड, दोन्ही एकाच चेहऱ्यावर. गडबड का, तर ठरलेला नट जॉन ड्रू बॅरीमोर शूटिंगला आलाच नाही, ऐनवेळी रॉबर्ट ब्राउनला उभं केलं. यातून कसोटी काय घ्यायची, तर गोष्टीतलं कोणी त्या फरकाबद्दल बोलतं का ते बघा. कोणी बोललं तर खूण समजा, सगळे गप्प असतील तर बहुतेक घोळ.

मारामाऱ्यांबद्दल फार सांगायला नको, तिथे डुप्लिकेट असतात आणि 'स्पेस सीड' या एपिसोडमधली कर्क आणि खलनायक खानची हाणामारी बघाल तर चक्क दोन वेगळीच माणसं भांडताना दिसतात. पण न्यायाने वागा. हे सगळं 1967 च्या डबड्या टीव्हीसाठी बनलेलं, चित्र धूसर आणि कडा टीव्हीच्या चौकटीत गेलेल्या. नंतरच्या नेक्स्ट जनरेशन या स्टार ट्रेक सिरियलच्या निगेटिव्ह परत स्कॅन करून 2012 पासून ब्लू-रे काढल्या तेव्हा चकाकी मारू नये म्हणून पॅनेलवर चिकटवलेले काळे कागदसुद्धा दिसायला लागले. त्याला चूक म्हणायचं का? मी म्हणत नाही, मी त्याला "नंतर उघडं पडलेलं" असा वेगळा रकाना ठेवलाय. शिवाय मूळ सिरियलला 2006 पासून नवे कॉम्प्युटर इफेक्ट्स घातलेत, तेव्हा यानाच्या शॉटमधला दोष लिहाल तर कुठली आवृत्ती बघितली ते आधी लिहा.

लेखकांच्या चुका पकडायला फ्रेम लागत नाही, हिशोब लागतो. व्हॉयेजर या नंतरच्या स्टार ट्रेक सिरियलच्या 'द क्लाउड'मध्ये सांगतात की आपल्याकडे 38 फोटॉन टॉर्पेडो (यानावरून सोडायची अस्त्रं) आहेत आणि संपले की नवीन मिळायचे नाहीत. सात सीझन किराण्याच्या वहीसारखं मोजत जा, 38 कधीच ओलांडून जातात आणि यान आपलं सोडतंय टॉर्पेडो. असा एखादा आकडा किंवा नियम कोणी उच्चारला की लगेच टिपून ठेवा, कारण नियम मोडायला नियम आधी सांगावा लागतो. नेक्स्ट जनरेशनच्या 'डेटालोर'मध्ये ठसवतात की डेटा या यंत्रमानवाला शब्द जोडून बोलता येत नाही, "आय अॅम"चं "आय'म" जमत नाही, त्यावरूनच खरा डेटा आणि त्याचा भाऊ लोर ओळखायचा. आणि त्याच एपिसोडच्या शेवटी खरा डेटा म्हणतो, "आय'म फाइन"! हे पकडायला आवाज चालू हवा, म्हणून तिसऱ्या फेरीला डोळे मिटून नुसतं ऐका.

काही चुका इतक्या जुन्या होतात की निर्माते स्वतःच त्यांची गोष्ट करून टाकतात. क्लिंगॉन म्हणजे परग्रहावरची एक लढाऊ जात, जुने क्लिंगॉन साध्या कपाळाचे, 1979 च्या सिनेमापासून कपाळावर उंचवटे. 1996 ला डीप स्पेस नाइन या सिरियलमध्ये वॉर्फ या क्लिंगॉनला विचारतात तर तो म्हणतो, परक्यांशी आम्ही यावर बोलत नाही, आणि 2005 ला एंटरप्राइज या सिरियलने दोन एपिसोड घालून कारण दिलं. याउलट खान 1982 च्या सिनेमात कर्कच्या यानावरच्या चेकॉवला चेहऱ्यावरून ओळखतो, आणि 'स्पेस सीड' आला तेव्हा चेकॉव सिरियलमध्ये आलेलाच नव्हता. तो खालच्या मजल्यावर काम करत असेल असं चाहते सांगतात. असं असेलही, पण ही चाहत्यांची मलमपट्टी आहे, वहीत ती पेनाने नाही, पेन्सिलने लिहायची.

नोंद कशी ठेवायची तर एका ओळीत: सिरियल, एपिसोड, आवृत्ती, मिनिट-सेकंद, काय दिसलं, आणि मग घोळ कुठला, सेटवरचा, एडिटिंगचा, लेखकाचा की नंतर उघडा पडलेला. "काय दिसलं" मध्ये फक्त दिसलेलं लिहा, "निष्काळजीपणा" वगैरे शब्द नकोत. माझी पहिली नोंद अशी आहे: मूळ सिरियल, चार्ली एक्स, लिफ्टच्या आत सोनेरी, बाहेर हिरवा, सेटवरचा. आणि पुढे "कोणी पकडलं" असा रकाना आहे, त्यात बायकोने स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहिलंय, दोनदा अधोरेखित करून.