परवानगीची तपासणी कुठे सुटते, ते शोधायला शिकताना

सिक्युरिटी टेस्टिंगमध्ये नव्याने आलेल्यांना मी आधी टूल शिकवत नाही. अपाची एपिसिक्स डॅशबोर्डची जुनी आवृत्ती, २.१०, स्वतःच्या लॅपटॉपवर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या बंद डब्यात चालवणारं साधन) चालवायला सांगतो आणि सोबत तिच्यातल्या त्रुटीची जाहीर नोंद, सीव्हीई-२०२१-४५२३२, वाचायला देतो.

एपिसिक्स हा एपीआय गेटवे, म्हणजे प्रोग्राम एकमेकांशी ज्या वाटांनी (एपीआय) बोलतात त्यांच्यावरचा दरवाजा. आलेली रिक्वेस्ट मागच्या कोणत्या सर्व्हरकडे पाठवायची, हे त्यातले राउट ठरवतात. राउट बदलायचे डॅशबोर्डवरून, आणि डॅशबोर्डमागे गो भाषेतला मॅनेजर एपीआय. तो आधी जिन या फ्रेमवर्कवर, म्हणजे कोडच्या तयार सांगाड्यावर, होता. पुढे त्यावर ड्रॉपलेट हे दुसरं फ्रेमवर्क आणलं. लॉगिन तपासणारं मिडलवेअर, म्हणजे रिक्वेस्ट आत जाण्याआधी चालणारा कोड, ड्रॉपलेटवर लिहिलेलं. पण काही एपीआय थेट जिनवरच राहिले. त्यातले दोन म्हणजे अख्खं कॉन्फिगरेशन एक्स्पोर्ट आणि इम्पोर्ट करणारे! टोकन (लॉगिननंतर मिळणारी ओळखखूण) न देता कोणीही सगळे राउट उतरवून घ्यायचा, त्यात लुआ भाषेतली स्क्रिप्ट घालायचा आणि परत चढवायचा. मग त्या राउटला हाक मारताच गेटवेवर हवी ती कमांड चालायची. इम्पोर्टच्या फाइलला सीआरसी३२ चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) होता, पण तो कोणालाही काढता येतो. पाकीट वाटेत फाटलं नाही एवढंच त्यातून कळतं, पाठवलं कोणी ते नाही. २.१०.१ मध्ये ही चूक दुरुस्त झाली. दोन्ही आवृत्त्यांचा कोड शेजारी ठेवून फरक वाचा. कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त हाती लागेल, असं माझं मत.

इथे लॉगिनचीच तपासणी नव्हती. रोजच्या कामात जास्त भेटतो तो दुसरा प्रकार: लॉगिन आहे, पण या माणसाला हे करायचा अधिकार आहे का, हे कोणी विचारलेलंच नाही. ओवॅस्प या वेब-सुरक्षा संस्थेच्या २०२३ च्या एपीआय धोक्यांच्या यादीत हा पाचव्या क्रमांकावर आहे. आपोआप त्रुटी शोधणाऱ्या स्कॅनरला तो सहसा दिसत नाही, कारण कोणी काय करावं हे स्कॅनरला ठाऊक नसतं.

म्हणून दोन खाती घ्या, एक ॲडमिनचं, एक फक्त बघणाऱ्याचं. ॲडमिनने केलेली प्रत्येक रिक्वेस्ट बर्पमध्ये (रिक्वेस्ट मधेच अडवून दाखवणारं टूल) पकडा आणि दुसऱ्याचं टोकन लावून तीच पुन्हा पाठवा. स्क्रीनवर ‘डिलीट’ बटण दिसत नाही यावर विसंबू नका. बटण लपवणं म्हणजे तपासणी नव्हे. उत्तरात ४०३ (अधिकार नाही) आला तर ठीक. ४०० (रिक्वेस्टच चुकीची) आला तर मात्र थांबा, तिथेच नवखे फसतात. रिक्वेस्टचा मजकूर चुकीचा होता म्हणून ती परत आली असेल, अधिकाराचा प्रश्न आलाच नसेल. मजकूर नीट भरून पुन्हा पाठवा. आणि ४०३ दिसला तरी ॲडमिनच्या खात्यातून बघा, नोंद खरंच जागेवर आहे ना. आधी पुसून मग नकार देणारा कोडही असतो, हो!

हे सगळं स्वतःच्या मशीनवर किंवा लेखी परवानगी असलेल्या सिस्टिमवरच. मालकाच्या परवानगीशिवाय कोणाच्या सर्व्हरमध्ये शिरलात तर आयटी कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे नुकसानभरपाई द्यावी लागू शकते, आणि ते लबाडीने किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं असेल तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘मी फक्त बघत होतो’ म्हटल्याने कलम ४३ टळत नाही.

रिपोर्ट लिहिताना दोन्ही खात्यांच्या रिक्वेस्ट आणि उत्तरं शेजारी-शेजारी लावा आणि कोणत्या भूमिकेला काय करता आलं ते पहिल्याच ओळीत लिहा. डेव्हलपर तेवढंच आधी वाचतो.