सुवार्ता सांगण्याआधी पाणी मागावे

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रवासाने दमलेला येशू याकोबाच्या विहिरीपाशी बसतो आणि पाणी भरायला आलेल्या शमरोनी स्त्रीकडे प्यायला पाणी मागतो. यहुदी आणि शमरोनी यांच्यात व्यवहार नसे, त्यामुळे तिला आश्चर्य वाटते. ज्या महाराष्ट्रात १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथल्या वाचकाला या मागण्याचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती माणसाने सुरुवात इथूनच करावी, म्हणजे देणारा म्हणून न जाता ज्याला काही हवे आहे असा पाहुणा म्हणून जावे.

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. वस्तीतल्या घरी गेल्यावर जमिनीवर बसायला सांगितले तर बसावे, पुढे आलेला चहा घ्यावा आणि कपाकडे निरखून पाहू नये. 'मला काही नको' हे वाक्य आपल्याला सभ्यपणाचे वाटते. परंतु ज्यांच्या हातचे घेणे पिढ्यान्‌पिढ्या टाळले गेले, त्यांच्या कानाला ते फार जुने आणि ओळखीचे लागते. शाकाहारी घरी त्यांचा स्वयंपाक आणि त्यांचे सोवळे सांभाळावे. बंगल्यात गेल्यावर मात्र आवाज मऊ करून अदबीने वाकायचे आणि झोपडीत गेल्यावर उपदेशकाचा सूर लावायचा, हा दोष आपल्यात आहे का, हे बरोबरच्या एखाद्या स्पष्टवक्त्या माणसाला विचारावे. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी बसवणाऱ्या मंडळीला फटकारले आहे, ते बाहेरच्यांसाठी नव्हे, आपल्यासाठीच लिहिलेले आहे. आपल्याच मंडळीत सोयरीक जुळवताना पूर्वीची जात विचारली जात असेल, तर 'ख्रिस्तामध्ये भेद नाही' हे वाक्य बाहेर उच्चारण्यापूर्वी थोडे थांबलेले बरे. ऐकणाऱ्याला आपली लग्ने कुठे होतात हे बहुधा ठाऊक असते.

बोलण्यापूर्वी ऐकावे, आणि शब्द जपून निवडावेत. 'तारण', 'पवित्रीकरण', 'अभिषेक' हे शब्द चर्चमध्ये रोजचे असले तरी बाहेर ते कळत नाहीत, म्हणून आपल्या आयुष्यात काय बदलले ते साध्या मराठीत सांगावे. 'पाप' या शब्दाबाबत तर विशेष काळजी हवी. ज्याला त्याचा जन्मच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे असे ऐकवले गेले, त्याच्याशी 'तू पापी आहेस' असे म्हणून बोलणे सुरू करणारा जुन्या जखमेवरच बोट ठेवतो. येशूने जकातदार जक्कयाला आधी 'आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे' असे सांगितले. अन्यायाने घेतलेले परत करण्याची भाषा नंतर जक्कयाच्याच तोंडून आली. हा क्रम उलटू नये.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतलेल्यांच्या मुला-नातवंडांशी बोलताना त्यांच्या घराने विचारपूर्वक निवड केली आहे, हे धरूनच बोलावे; त्यांच्या वेदनेकडे संधी म्हणून पाहणे अशोभनीय आहे. वारकऱ्याशी बोलताना विठ्ठलाची थट्टा तर करू नयेच, पण 'तुमचा तुकाराम अर्धा ख्रिस्तीच होता' असली सलगीही करू नये. हिंदू घरातून ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, ते त्यांच्या स्वतःच्या वाटेविषयी होते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली निघाले, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो योग्यही आहे. मात्र स्टीफन्स जिथे राहिले त्याच गोव्यातल्या साष्टीत १५६७ साली देवळे पाडली गेली होती, हेही लोकांच्या स्मरणात आहे. कोणी तो विषय काढला तर सबबी न सांगता मान्य करावे.

मदत आणि साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेविषयी सांगणे, यांची गाठ कधीही घालू नये. औषध, शाळेची फी किंवा धान्य द्यायचे असेल तर प्रार्थनेला येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला सारखेच द्यावे, आणि शक्यतो ते देणारा माणूस व सुवार्ता सांगणारा माणूस एकच नसावा. 'पोटासाठी बाटला' हा टोमणा देणाऱ्याला नव्हे, घेणाऱ्याला आयुष्यभर झेलावा लागतो. संविधानाचा अनुच्छेद २५ धर्मप्रसाराचा हक्क देतो, तर सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही, असे स्पष्ट केले. शिवाय ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. निर्णयाच्या जवळ आलेल्याला ही गोष्ट आपण होऊन सांगावी. ती लपवणे ही फसवणूक आहे. अल्पवयीन मुलांशी पालकांच्या नकळत हा विषय काढू नये, आणि आजारी माणसासाठी प्रार्थना करायची तर आधी त्याची परवानगी घ्यावी व डॉक्टरांचे औषध चालू ठेवायला सांगावे.

पुस्तक द्यायचे असेल तर एकदा द्यावे आणि बाजूला व्हावे. १८९३ च्या सुमारास टिळक रेल्वेने राजनांदगावला निघाले असताना एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्यांना खिळवून ठेवले ते पुढे त्यात वाचलेल्या येशूच्या गिरिप्रवचनाने. तो प्रवासी त्या वेळी जवळ नव्हता.

नकार मिळाला तर तो पहिल्या शब्दातच ऐकावा. 'पुन्हा विचार करा' असे म्हणू नये, तसेच येणे-जाणेही थांबवू नये. पुढच्या आठवड्यात त्याच घरी नुसत्या चहाला जावे आणि विषय पिकाचा, मुलाच्या परीक्षेचा किंवा नळाच्या पाण्याचा असू द्यावा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. एकमेकांवर जीव असलेल्या नवरा-बायकोत जर इतकी वर्षे गेली, तर ज्याच्या ओट्यावर आपण तीनदा बसलो त्याच्याकडून उत्तराची घाई कशासाठी करायची?