फ्रान्समधल्या धुण्याच्या हौदांचे जुने फोटो कसे बघायचे

१९०० च्या आसपासची ब्रिटनी भागातली पोस्टकार्डं ऑनलाइन ढिगाने सापडतात, गावच्या बायका लावोआरवर म्हणजे सार्वजनिक धुण्याच्या हौदावर ओळीने बसलेल्या. आधी कार्ड उलटं करा. मागे मधोमध रेघ मारून मजकूर आणि पत्ता वेगळा केलेला असेल तर छपाई साधारण १९०४ नंतरची, त्याआधी मागे फक्त पत्ताच लिहायचा असायचा त्यामुळे लोक खुशालीचे चार शब्द फोटोच्याच कडेला कोंबायचे. पोस्टाच्या शिक्क्यावरून फोटोचं वर्ष धरू नका, एकच फोटो वर्षानुवर्षं परत छापायचे.

मग स्कॅन झूम करा आणि हात बघा. धोपाटणं हवेत, तरी एकदम शार्प, सगळ्याजणी कॅमेऱ्याकडे बघतायत आणि पाण्यावर साधा तरंग नाही? मग फोटोग्राफरने बहुतेक पोझ द्यायला लावलीय. मला तर एखादीचा हात धूसर आलेला फोटोच जास्त आवडतो, ती बिचारी खरंच कपडे आपटत असते.

गुडघ्यांखाली लाकडी खोकं शोधा, पुढून आणि बाजूंनी बंद, आत पेंढा. आपल्याकडे उकिडवं बसतात, त्या गुडघ्यांवर बसायच्या.